करमत नाही

दवाखान्यातून आलेल्या ताईने पाण्याचा पेला खाली ठेवला, घसा साफ केला आणि वाटेत घोकत आणलेला प्रश्न विचारला.

"रात्री नीट गाई गाई होते का तुमची?"

सोफ्याच्या कडेला अंग चोरून बसलेल्या बाईने पहिल्यांदाच मान वर केली. तिचा नवरा स्वयंपाकघराच्या दारात उभा होता, बेकरीतून आला तसाच, कोपरापर्यंत पिठाने माखलेला. त्याने घाईने तोंड फिरवलं. काहीतरी चुकलं हे ताईला कळलं, पण काय ते कळेना. तिने पुढचा प्रश्न रेटला.

"आणि मम्मम? पोटभर जातं का?"

बाई आधी ओठांत हसली, मग खांदे हलायला लागले, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. या देशात आल्यापासून नवऱ्याने ते हसू ऐकलं नव्हतं. तो पीठभरल्या हाताने दाराची चौकट धरून नुसता बघत राहिला.

"केवढ्या असताना आलात हो तुम्ही इथे?" बाईने डोळे पुसत विचारलं.

"आईच्या कडेवर."

"तरीच. तुमची भाषा अजून कडेवरून खाली उतरलीच नाही."

ताईला राग यायला हवा होता, पण तीही हसली. आई घरात आपल्या भाषेत बोलायची आणि ती इथल्या भाषेत उत्तरं द्यायची. अशीच ती मोठी झाली. दवाखान्याने तिला आरोग्यसेविका म्हणून नेमलं, परक्या मुलखातून आलेल्यांच्या घरी जायला सांगितलं, तेव्हा कुठे तिने ती बालपणीची पुंजी बाहेर काढली.

"आणि भुवया कुणी केल्या?" बाईने निरखून विचारलं.

"मीच."

"दिसतंय."

तिकडे या बाईचं पार्लर होतं. गल्लीतल्या साऱ्या बायका तिच्या खुर्चीत बसून गेलेल्या. हात चालायचा त्याहून तोंड जास्त चालायचं. इथे आल्यावर ते तोंडच मिटलं. ताटातलं ताटात राहायला लागलं. नवऱ्याने दवाखान्यात नेलं, तिथे तोच तिच्या वतीने बोलला, आणि ती दुसऱ्याच कुणाचं दुखणं चाललंय तशी बसून राहिली. पुन्हा जायला तिने साफ नकार दिला. मग एका संध्याकाळी तो घरी आला तर शेगडीवर पातेलं जळून कोळसा झालेलं, खोली धुराने भरलेली, आणि ही शेजारीच बसलेली. त्या दिवशी तो घाबरला आणि दवाखान्याच्या पायऱ्या एकटाच चढला.

ताई दर आठवड्याला जाऊ लागली. निम्मा वेळ बाई तिची भाषा दुरुस्त करण्यात घालवायची.

"भूर जाऊ या का, असं मोठ्या बाईला विचारत नाहीत. फिरून येऊ या, म्हणा."

"फिरून येऊ या."

"आता म्हटलंच आहे तर चला."

त्या दिवशी दोघी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन आल्या. परतताना बाई म्हणाली, "तुमच्या डॉक्टरांकडे येते मी. पण ह्यांनी बोलायचं नाही. मी बोलणार, आणि तुम्ही सांगायचं."

ताई चालता चालता थबकली. "माझ्या या भाषेवर?"

"चुकलात तर मी हसेन. त्याने मला बरंच वाटतं."

डॉक्टर पिकल्या केसांच्या, सावकाश बोलणाऱ्या बाई होत्या. नेमकं काय होतं, असं त्यांनी विचारलं. पार्लरवालीने आपल्या नखांकडे पाहिलं.

"करमत नाही."

कंटाळा येतो, वेळ जात नाही, असं ताईने इथल्या भाषेत सांगून टाकलं. डॉक्टर शिवणाच्या वर्गाबद्दल बोलू लागल्या. त्यांचा सूर ऐकूनच पार्लरवालीने मान हलवली.

"कंटाळा नव्हे हो. गिऱ्हाईक नसलं की यायचा तो कंटाळा. हे वेगळं. घर चांगलं आहे, नवरा जीव लावतो, खिडकीतून छान ऊन येतं. सगळं आहे, आणि त्यातलं काही माझ्यापर्यंत पोचतच नाही."

ताईने तोंड उघडलं आणि ती थांबली.

"शब्द सापडत नाही का?" डॉक्टरांनी विचारलं.

"शब्द लहानपणापासून कानावर आहे," ताई म्हणाली. "मला वाटायचं, अर्थही माहीत आहे."

मग तिने ते सगळं जसंच्या तसं सांगितलं, ऊनसुद्धा. डॉक्टरांनी पेन बाजूला ठेवलं. बोलणं बराच वेळ चाललं. औषध ठरलं, आणि दर आठवड्याला इथे येऊन बोलायचं ठरलं. निघताना पार्लरवाली दारातून वळली. "त्यांना सांगा, त्यांच्या भुवया सुरेख आहेत. आणि तुमच्या मी उद्या नीट करणार आहे, तेही सांगा."

डॉक्टर हसल्या. ताईने तेही शब्दशः सांगितलं होतं.

घरी न जाता ताई आईकडे गेली. आई ओट्यापाशी मटार सोलत बसली होती. ताई समोर बसली आणि आपल्या भाषेत, शब्द जुळवत बोलू लागली. आईने चमकून वर पाहिलं.

"आई, मी लहान असताना तू खिडकीशी बसून म्हणायचीस, करमत नाही म्हणून."

आईचे हात थांबले. "तुला आठवतं ते?"

"मला वाटायचं, तुझ्याशी खेळायला कुणी नाही. मी माझी बाहुली आणून तुझ्या मांडीवर ठेवायचे."

"ठेवायचीस खरी. आणि मी खेळायचेही तिच्याशी."

"फार वाईट होते का ते दिवस?"

आईने शेंगांचा ढीग लेकीपुढे सरकवला. बरीच वर्षं कुणी विचारेल म्हणून सांभाळून ठेवल्यासारखं तिने सुरू केलं.

"होते की. पण तू इतकी बडबडायचीस ना," आई म्हणाली आणि तिला हसू फुटलं, "की मला कधी धड रडूही दिलं नाहीस."