एक्केचाळीस खांबांची दोरी

त्या शनिवारी दोरीवाल्यांच्या पदरात काय काय पडणार होतं, ते आधी मोजून घेऊ. एक, पहिला नातू, बरोब्बर आठ दिवसांचा. दोन, सिनेगॉगमधली उंच पाठीची मानाची खुर्ची. तिच्यावर बसून नातवाला मांडीवर घ्यायचं आणि सुंतेचा विधी पार पडेपर्यंत त्याला हलू द्यायचं नाही, हा आजोबाचा मान. तीन, तो मान डोळ्यांनी बघणारी दोनशे माणसं. आणि चार, त्या दोनशेंत बसलेला त्यांचा मेहुणा. तो बेकरीवाला होता, आणि आमच्या दाजींना वर बघत चालण्याखेरीज आयुष्यात काही जमलं नाही, असं गेली बावीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आला होता.

यातला नातू तर मिळालेलाच होता. दोरीवाल्यांचा जीव अडकला होता तो तिसऱ्या बाबीत. सव्वीस वर्षं टेलिफोन खात्यात खांबांवर चढल्या-उतरल्यानंतर मार्चमध्ये त्यांना एका ओळीचं पत्र आलं. नवं सरकार, नवी यादी, आणि त्या यादीत ज्यूंना जागा नव्हती. चढायचा पट्टा, पक्कड, छातीवरचा पितळी बिल्ला, सगळं साहेबाच्या टेबलावर काढून ठेवून ते घरी आले होते. आल्यावर दोन दिवस त्यांनी गच्चीचा दरवाजासुद्धा उघडला नाही. आता दोनशे माणसांनी आपल्याला पुन्हा एकदा कशाच्या तरी उंचीवर बसलेलं बघावं, एवढीच त्यांची इच्छा होती. माणसाने याहून पुष्कळ मोठमोठ्या गोष्टी मागितल्याचं आपण पाहिलेलं आहे.

नोकरी गेली तरी दोरी उरली होती. शब्बाथच्या दिवशी, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत, घराबाहेर काहीही वाहून न्यायचं नाही, असा या लोकांचा नियम. पुस्तक नाही, रुमाल नाही, कडेवरचं मूलसुद्धा नाही. पण सगळ्या वस्तीभोवती खांबांवरून एक दोरी फिरवली आणि ती कुठेही तुटलेली नसली, की सगळी वस्ती एकच घर धरायची. घरातल्या घरात काय हवं ते उचला. दोरी एक्केचाळीस खांबांवरून जायची. दोरीवाले गुरुवारी ती सगळी फिरून बघत, शुक्रवारी संध्याकाळी पुन्हा बघत आणि बेकरीच्या खिडकीत फडकं लावत. पांढरं फडकं म्हणजे दोरी शाबूत, काळं म्हणजे तुटली. या कामाला पगार नव्हता. पण बावीस वर्षांत पांढऱ्या फडक्यावर कुणी शंका घेतली नव्हती, आणि काळं लावायची वेळ दोनदाच आली होती, दोन्ही वेळा वादळामुळे.

त्या शुक्रवारी वादळ कसलं, पानही हलत नव्हतं. डांबर इतकं मऊ झालं होतं की चालताना चपलेचा चट् चट् आवाज यावा. साडेचार वाजता दोरीवाले चौकात पोचले आणि सवयीने वर बघितलं. सत्ताविसावा खांब नव्हता. पुढचे-मागचे दोन होते आणि मधे उन्हाने पांढरं पडलेलं आकाश. खाली वाळूच्या पोत्यांची चौकी उठली होती.

"साहेब, इथला खांब?" त्यांनी चौकीवरच्या हवालदाराला विचारलं.

"काढला. ट्रक वळत नव्हता."

"आणि त्याच्यावरची दोरी?"

हवालदार टोपीने वारा घेत होता, तो थांबला. "तुमची का ती? सकाळपासून मालक शोधतोय आम्ही. काय जातं तिच्यातून?"

"काही नाही."

"काही नाही जात, तर एवढ्या वर कशाला बांधता?"

"ती भिंत आहे साहेब. आमच्या घराची."

"भिंत."

"म्हणजे भिंत म्हणून धरायची."

हवालदाराने त्यांच्याकडे नीट बघितलं. उन्हाने डोकं फिरलेली माणसं त्या आठवड्यात त्याने बरीच पाहिली असावीत. "हे बघा काका, ती भिंत मी गुंडाळून ठाण्यावर पाठवलीय. पुरावा म्हणून. सोमवारी अर्ज द्या. आणि तोवर इथे दुसरं काही बांधाल, तर तुम्हालाही पाठवीन."

दोरीवाल्यांच्या पिशवीत जादा दोरी होती ती पंधरा हात. चौक टाळून मागच्या गल्ल्यांतून वळसा घालायचा तर दोनशे हात दोरी आणि दिवसभराचं काम. सूर्यास्ताला पावणेतीन तासही उरले नव्हते.

बेकरीवर शब्बाथच्या पावाचा शेवटचा घाणा निघाला होता. मेहुणा भट्टीसमोर घामाने निथळत उभा होता. त्याने हात न पुसताच पांढरं फडकं पुढे केलं. दोरीवाल्यांनी ते घेतलं नाही. चौकातली हकिकत त्यांनी चार वाक्यांत सांगितली.

मेहुण्याने आधी दरवाजा लावून घेतला. मग पिठाच्या पोत्यावर बसला.

"दाजी, आणखी कुणी पाहिलंय?"

"वर कोण बघतं? मीच."

"मग तुम्ही चौकात गेलाच नाहीत. ऊन लागलं, अर्ध्यातून परत आलात. गुरुवारी दोरी शाबूत होती ना? होती. लोकांना माहीत नसताना लोकांनी मुलं उचलली, तर त्यांना दोष नाही. रब्बींनी स्वतः सांगितलंय मागे प्रवचनात."

"लोकांना माहीत नसताना. मला माहीत आहे."

"एकट्या तुम्हाला. तुम्ही तुमच्यापुरतं उद्या काही उचलू नका."

"आणि नातू? त्याला सिनेगॉगला कोण आणणार, तो चालत येणार?"

मेहुण्याने हात एप्रनला पुसले. "हेच सांगतोय मी. विधी शब्बाथला चालतो, पण पोराला रस्त्यावरून आणता येत नाही. काळं लावलंत तर खुर्ची गेली, दोनशे माणसं गेली. तुमच्या लेकीच्या खोलीत दहा माणसं मावली तरी भिंती फुगतील. या उन्हाळ्यात लोकांकडे बघण्यासारखं काय राहिलंय दाजी? तेवढा एक सोहळा आहे. बरं, पत्र्याखाली राहणाऱ्या बायका शनिवारी पोरं घेऊन नदीवर जातात, त्यांचं काय? त्यांना दिवसभर भाजून काढणार तुम्ही?"

हे शेवटचं वाक्य बरोबर होतं, आणि ते दोरीवाल्यांना लागलं. ते पिठाने माखलेल्या बाकावर टेकले. खात्याने त्यांचा बिल्ला घेतला तेव्हा त्यांच्याकडे एकच गोष्ट उरली होती. दोरीवाले म्हणाले शाबूत, की वस्ती डोळे झाकून पोर उचलते. ते एवढं खोटं करून मिळालेल्या खुर्चीवर किती वेळ बसता येईल, याचा त्यांनी अंदाज घेतला. विधीला पाच मिनिटं लागतात.

"काळं कुठे ठेवलंयस?" ते म्हणाले.

"हरवलं."

"शोध."

मेहुण्याने ते खणाच्या तळातून काढलं, झटकलं, आणि खिडकीत लावताना पाठमोराच म्हणाला, "ताईने तुमच्याशी लग्न केलं तेव्हाच मी बाबांना म्हणालो होतो, हा माणूस घरात काही आणायचा नाही."

"आणलं का मी काही?"

"नाही ना. तेच म्हणतोय." मग तो एप्रन सोडत म्हणाला, "चला. खुर्चीला चाकं नाहीत, आणि सव्वासातला सूर्य बुडतो."

पुढचा दीड तास लोकांनी बेकरीवाल्याला पाठीवर ती शिसवी खुर्ची घेऊन जाताना पाहिलं. पुढे दोरीवाले, हातात सुंता करणाऱ्या वैद्याची पेटी, चांदीचा प्याला आणि पावाची टोपली. सूर्य बुडायच्या आत जे हलवायचं ते हलवून ठेवायचं होतं, कारण नंतर वैद्यालाही नुसत्या हातांनी यायचं होतं. लेकीची खोली तिसऱ्या मजल्यावर, पत्र्याखाली. जिन्याच्या दुसऱ्या वळणावर खुर्ची अडकली, आणि मेहुण्याने जे शब्द उच्चारले ते शब्बाथ लागायच्या आतलेच होते, एवढं एक बरं.

लेक खाटेवर बाळाला वारा घालत बसली होती. बाबांचा चेहरा बघून तिने विचारलं, "म्हणजे उद्या मी खाली उतरायचं नाही?"

"नाही गं बाळ. आपल्याच घरी उरकू. माणसं जमली तर."

"बरं झालं. टाके ओढतात माझे, तीन जिने उतरवले नसते." ती खुर्चीकडे बघून हसली. "लोकांना चढू दे जरा. आणि मामा, तुम्ही बसा आधी, नाहीतर उद्या तुमचाच विधी करावा लागेल."

काळ्या फडक्याची बातमी दिवे लावायच्या आत घरोघर पोचली. लेकीच्याच मजल्यावरची जुळ्यांची आई जिन्यात उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "स्वतःची खुर्ची घरी आणवून घेतली, आमची पोरं मात्र भाजा म्हणावं." दोरीवाले खाली उतरताना तिच्यासमोर थांबले. मग उरलेला जिना उतरून गेले.

आता प्रश्न होता शालींचा. हिवाळ्यात सिनेगॉगच्या काचा फुटल्या, कपाटं लुटली गेली, तेव्हापासून कुणी आपली प्रार्थनेची शाल तिथे ठेवत नसे. गोंड्यांची पांढरी शाल जो तो बाजाराच्या पिशवीत लपवून नेई, वरती भाजी असल्यासारखं दाखवी, कारण रस्त्यात ती कुणाला दिसणं त्या दिवसांत शहाणपणाचं नव्हतं. पण दोरी नाही म्हणजे पिशवी नाही. राहिले दोनच मार्ग. घरी बसायचं, नाहीतर शाल अंगावर घेऊन निघायचं, कारण जे अंगावर ल्यालं ते ओझं नव्हे.

दोरीवाल्यांनी स्वतःपुरतं ठरवलं आणि सकाळी शाल पांघरून सिनेगॉगला निघाले. एकटेच जाणार, असं त्यांनी धरलं होतं. कोपऱ्यावर लंगडा शिंपी भेटला, शाल पांघरलेला. रुमाल त्याने गळ्याला बांधला होता आणि घराची किल्ली पट्ट्यात बक्कल म्हणून अडकवली होती.

"माझ्या पायजम्याचा भार आता या किल्लीवर आहे दोरीवाले. सावकाश चाला," तो म्हणाला.

पुढच्या गल्लीत चौघे, त्याच्या पुढच्या गल्लीत नऊ. सगळी प्रार्थना तोंडपाठ असल्याची ज्यांनी आजवर बढाई मारली होती, ती मंडळी पुस्तक नाही म्हणून जरा मागे मागे चालत होती. सिनेगॉगमधली सकाळची प्रार्थना आटोपून सगळे लेकीच्या घराकडे वळले तेव्हा रस्त्याच्या मधोमध चालत होते, कारण फुटपाथवर मावत नव्हते. कुणी भराभर चालत नव्हतं. दुतर्फा खिडक्या उघडत होत्या.

चौकात हवालदार उठून उभा राहिला. रोज याच लोकांच्या पिशव्या उलट्या करणं हे त्याचं काम.

"पिशव्या कुठायत आज?"

शिंप्याने दोन्ही खिसे उलटे बाहेर काढून दाखवले. "आज काही वाहायचं नाही साहेब. भिंत तुम्ही नेलीत ना."

मागे कुणीतरी हसलं, आणि मग बरेच हसले. हवालदाराला काय झडती घ्यावी कळेना, म्हणून त्याने शिंप्याला बाजूला काढलं आणि उन्हात उभं केलं. शिंपी उभा राहिला, चांगल्या पायावर. बाकीच्यांना जाऊ दिलं, पण दोरीवाले थांबले.

"जा हो तुम्ही," शिंपी म्हणाला. "मांडी तुमची हवीय तिकडे, माझी नाही."

खोलीत अकरा माणसं मावली. उरलेली जिन्यात, आणि तिथली उरलेली रस्त्यावर. पत्रा असा तापला होता की वैद्याच्या नाकावरून घाम ठिबकत होता आणि जावई पुठ्ठ्याने त्याच्या कपाळावर वारा घालत होता. दोरीवाले उंच खुर्चीवर बसले. उशीवरचं बाळ त्यांच्या मांडीवर आलं आणि त्यांनी दोन्ही गुडघे आवळून धरले. खांबावर धरायचे तसे, पट्टा नसताना.

दोनशे माणसं त्यांना दिसली नाहीत. समोर मेहुण्याचं पोट होतं आणि खाली बाळाचा लाल चेहरा, आणि नजर उचलायची सोय नव्हती. बाळ रडलं. बापाने म्हणायचं ते म्हटलं. खोलीतल्या अकरांनी "आमेन" म्हटलं. मग ते दुसऱ्या मजल्यावरून आलं, मग पहिल्या मजल्यावरून, त्यात बायकांचे आवाज मिसळलेले, आणि सगळ्यांत शेवटी रस्त्यावरून, एवढं मोठं की पत्रा थरथरला. दोरीवाल्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच खाली बघत ऐकलं.

"दाजी," मेहुणा कानाशी येऊन म्हणाला, "आता सोडा त्याला. झालं."

सोमवारी त्यांनी अर्ज दिला नाही. रविवारी सकाळीच बेकरीच्या दारात दोरीचं एक वेटोळं ठेवलेलं होतं. कपडे वाळत घालायची दोरी, चिमट्यांचे डाग असलेली. दुपारपर्यंत तशी एकतीस वेटोळी जमली. दोरीवाल्यांनी ती एकाला एक गाठवली, आणि चौक सोडून मागच्या गल्ल्यांतून, खांब नाही म्हणून सज्ज्यातून सज्ज्यात, वळसा घालून नेली. पुढच्या शुक्रवारी मेहुण्याने पांढरं फडकं लावलं.

आता या सगळ्याची किंमत कुणी काय भरली ते बघू. बेकरीवाल्याची पाठ पंधरा दिवस धरली होती आणि त्याने ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं. शिंपी दीड तास उन्हात उभा राहिला, घरी आल्यावर दोन दिवस तापाने पडून होता. दोरीवाल्यांनी दोनशे जणांची नजर गमावली, जी त्यांना आता हवीशीही वाटेना. पण सगळ्यांत जास्त भरलं ते पत्र्याखालच्या एकतीस बायकांनी. शनिवारचा सगळा दिवस त्यांनी पोरांच्या अंगावर ओली फडकी टाकत काढला, आणि रविवारी आपली वाळत घालायची दोरी सोडून दिली. पहिलं वेटोळं जुळ्यांच्या आईचं होतं. तिचे कपडे उन्हाळाभर कठड्यावरच वाळले.