जात्यावरची

"डोळा उघडलाय तर आधी घरी जाऊन नातवंडं बघावीत की. देऊळ काय पळून चाललंय?" गाडीत माझ्या कानाशी सविता पुटपुटली.

सविता माझी भावजय. पुढे माझा भाऊ आप्पासाहेब गाडी चालवत होता आणि त्याच्या शेजारी आई, डोळ्यांवर काळा चष्मा. मोतीबिंदू काढून ती माझ्याकडे शहरात, सावेडीत राहिली होती, आज गावी निघालेली. तिचा हट्ट एकच. घराआधी देवळात जायचं आणि जात्यावरचीला बघायचं.

आमच्या गावचं देऊळ हेमाडपंती. बाहेर दगडात कोरलेल्या नर्तकी, हत्ती. आत सभामंडपाच्या भिंतीवर जुनी चित्रं: देवांची मिरवणूक, घोडे, छत्र्या, आणि त्या सगळ्या थाटाच्या कोपऱ्यात एक बाई जात्यावर दळत बसलेली, मांडीवरच्या पोराला पाजत. ती त्या गर्दीत कशी शिरली कुणास ठाऊक. गावातल्या बाळंतिणी सव्वा महिन्यानं बाळ घेऊन आधी तिच्याकडे जातात, तिच्यापुढे चिमूटभर पीठ ठेवतात, मग देवाकडे वळतात. देवानं कधी तक्रार केलेली नाही. आम्हा भावंडांना आईनं असंच नेलं होतं. दिसायचं बंद झालं तसं तिनं देवळात जाणंच सोडलं. आज पदराच्या गाठीत बाजरीचं पीठ होतं.

दारातच मी थबकले. दगडी नर्तकीचं अंग गुलाबी झालं होतं, ओठ लालभडक. हत्ती चंदेरी, वरातीतल्या बँडवाल्यासारखा. मी आप्पाकडे वळले. जन्मात ज्यानं स्वतःच्या चपला सरळ काढल्या नाहीत, तो सगळ्यांचे जोड लावत बसला होता.

आत गेलो. खाली चकचकीत स्टाईल फरशी, आणि वर भिंतभर अबोली ऑइलपेंट. घोडे नाहीत, छत्र्या नाहीत. खांबावर संगमरवरी पाटी होती, 'जीर्णोद्धार', खाली माझ्या भावाचं नाव.

आई सवयीनं नेमकी कोपऱ्यात जाऊन उभी राहिली.

"कुटं गेली? आप्पा, हितंच हुती ना रं?"

"हितंच हाय की. डाक्टर म्हनले न्हाई का, पयलं पयलं धुरकट दिसंल."

"व्हय काकू," मच्छिंद्र गुरव घंटा पुसता पुसता म्हणाला, "काळ्या चष्म्यातनं कसं दिसनार?"

आईनं चष्मा काढला. "मच्छिंद्रा, तुझ्या सदऱ्याचं वरचं बटन तुटलंय. ते दिसतंय मला."

मच्छिंद्रनं गळ्याशी हात नेला आणि पुन्हा घंटेकडे वळला. ती घंटा एवढी कधी घासली गेली नसेल.

आईचा तळवा भिंतीवरून फिरत होता. वर, खाली, पुन्हा वर. ऑइलपेंटवरून तो नुसताच घसरत होता.

"आप्पा, मला परत दवाखान्यात ने बाबा. डोळा बिघडला माझा."

माझं डोकं सणकलं. रंगाचं एक वेळ समजू शकते. काळी पडलेली चित्रं, पाहुण्यांपुढे वाटणारी लाज, नाव लावायची हौस. पण ज्या डोळ्यासाठी म्हातारीनं दवाखान्याची एवढी भीती गिळली, त्याच डोळ्यावर तिला संशय घ्यायला लावायचा? आणि तो उभा कसा होता, तर हात जोडून, देवाकडे तोंड करून! मी पुढे झाले तशी त्यानं माझं मनगट धरलं.

"आक्का, आत्ता नको. तिला सोसायचं न्हाई."

"तिला की तुला?"

"हळू बोल."

आईनं पदराची गाठ सोडली. पीठ मुठीत घेतलं आणि कुठे ठेवावं कळेना म्हणून तशीच उभी राहिली.

"का रुसली गं?" ती कोऱ्या भिंतीला म्हणाली. "यायचं सोडलं म्हनून व्हय? दिसत नव्हतं गं मला."

आप्पाच्या हातातून मी मनगट हिसकावलं. पण माझ्याआधी सविता पुढे गेली होती. नवऱ्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. सासूची पिठाची मूठ तिनं दोन्ही हातांत धरली.

"आत्या, डोळा चांगला हाय तुमचा. तीच न्हाई तिथं. ह्यांनी रंग फासला तिच्यावर, आन् आमी समदी बघत हुतो."