आधी समोरच्याचं म्हणणं

त्या घरात भांडण कधी झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं, असं सुनेला अकरा वर्षांत निदान शंभरदा वाटलं.

सासरे निवृत्त वक्तृत्वशिक्षक. आयुष्यभर पोरांना व्यासपीठावर उभं केलं आणि निवृत्तीनंतर व्यासपीठच घरी आणलं. पंखा बदलण्यापासून नोकरीपर्यंत काहीही ठरवायचं असलं की रविवारी नाश्ता आटोपल्यावर 'मांडणी' व्हायची. ज्याला काही हवं त्यानं उभं राहून तीन मिनिटांत म्हणणं आणि कारणं सांगायची. खोडणाऱ्याला एकच अट: आधी समोरच्याचं म्हणणं आपल्या तोंडानं असं सांगायचं, की तो म्हणाला पाहिजे, "हो, हेच." मग तीन मिनिटांत खुशाल खोडा; घंटीपर्यंत खोडता आलं नाही, तर म्हणणं मंजूर. घड्याळ आणि पितळी घंटी सासूबाईंकडे. त्या स्वतः कधी मांडणीला उभ्या राहिल्या नाहीत. अळीमिळी गुपचिळी.

अट ऐकायला किती छान! पण खरा फास तोच होता. सासरे सुनेचं म्हणणं तिच्यापेक्षा सुरेख सांगायचे. ऐकून तिलाच वाटायचं, अगं बाई, आपण इतक्या शहाण्या आहोत? ती भाबडेपणानं "हो, हेच" म्हणायची, आणि पुढच्या मिनिटाला सासरे तेच म्हणणं कांद्यासारखं सोलून ठेवायचे. तिला गाडी शिकायची होती, हरली. खिडकीशी स्वतःचं एक टेबल हवं होतं, तेही हरली. नवरा विमा कार्यालयात कामाला आणि बापाचा पट्टशिष्य. तो प्रेमानं म्हणायचा, "पुढच्या वेळी दुसरं कारण आधी घे." बोलणाऱ्याची मातीही खपते म्हणतात. तिचं सोनं अकरा वर्षं पडून होतं.

ती चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात होती. तिथे कुणाला काही पटवावं लागत नसे. काच फिरत्या चाकावर धरायची, पाण्याची धार सोडायची, फ्रेममध्ये टक्कन बसली की झालं. मालकीणबाई आता बसनं चार तासांवरच्या गावात दुसरा कारखाना काढत होत्या.

"तो तू सांभाळ," त्या म्हणाल्या होत्या. "सोमवारी सकाळी काय ते सांग. नाहीतर मला दुसरं कुणी बघावं लागेल."

आठवडाभर तिनं कारणं घोटली. पण प्रत्येक कारणाला सासऱ्यांचं उत्तर आधीच कानात वाजायचं, मधल्या चहाच्या घोटासकट. पगार वाढेल? तिकडे भाडं लागेल. नवरा शनिवार-रविवारी येईल? येण्याजाण्यात माणूस झिजेल. शनिवारी चाकाशी उभी असताना तिच्या लक्षात आलं, की आता मांडणी आपल्या डोक्यातही चालते, आणि तिथेही आपणच हरतो. ती घाबरली. हातातली काच तडकली.

रविवारी ती उभी राहिली. सासूबाईंनी घड्याळ लावलं.

"मला तिकडे जायचंय," ती म्हणाली आणि खाली बसली.

"आणि कारणं?" सासऱ्यांनी विचारलं.

"एवढंच म्हणणं आहे, बाबा."

नवरा हसला. "अगं, तीन मिनिटं आहेत. एखादं तरी कारण दे."

"थांब रे." सासऱ्यांना चेव आला होता. "म्हणणं कच्चं आहे, आपण शिजवून घेऊ. सूनबाईचं म्हणणं असं, की तिकडे पगार जास्त, म्हणून घराचं हित त्यातच आहे."

"नाही."

"मग असं, की इथे तुझ्या कामाची कदर होत नाही."

"नाही, बाबा."

"आमचा जाच होतो?"

"तुम्ही कधी आवाजसुद्धा चढवला नाहीत. तसं नाही."

ती हट्टानं 'नाही' म्हणत नव्हती. त्यांनी नेमकं सांगितलं असतं तर ती कबूल होऊन पुन्हा हरलीही असती. तिला स्वतःलाच ते सांगता येत नव्हतं. सासऱ्यांनी आणखी पाच-सहा वेळा प्रयत्न केला, त्यांचा चहा निवून गेला. तीन मिनिटं केव्हाच उलटली होती, तरी घंटी वाजली नव्हती.

"मी सांगते," सासूबाई म्हणाल्या.

तिघांनी वळून पाहिलं. त्या बसूनच बोलत होत्या, नजर घड्याळावर.

"तिचं म्हणणं असं, की या घरात श्वास घ्यायलाही कारण द्यावं लागतं. दिलं की तुम्ही ते तिच्याहून चांगलं सांगता, मग ते तिचं उरतच नाही. हरून हरून तिनं मागणंच सोडलंय. अजून काही वर्षांनी आपल्याला काय हवं होतं, हेही तिला आठवणार नाही. मला आठवत नाही."

"हो," सून म्हणाली. "हेच."

अट पुरी झाली होती. आता खोडायची पाळी सासऱ्यांची. सासूबाईंनी घड्याळ नव्यानं लावून त्यांच्यासमोर सरकवलं.

"बोला. तीन मिनिटं आहेत."

सासरे सुनेकडे नाही, बायकोकडे बघत होते.

"काय हवं होतं तुला?" शेवटी त्यांनी विचारलं.

सासूबाईंनी खरंच आठवून पाहिलं. कपाळाला आठ्या घालून, मनापासून. वेळ संपली तेव्हा सवयीनं त्यांनीच घंटी वाजवली, आणि सून बॅग भरायला उठली.