बाटलीवरचं गाव

वाईनमध्ये सोडा ओतणाऱ्यांचा मला राग येत नाही. कोल्हापुरात राहून वाईनचं काम करायचं तर तेवढं पोटात घालावंच लागतं. मला राग येतो तो टपोऱ्या द्राक्षांचा. बाजारात कुणी पेटी उघडून "बघा, एकेक मणी कसा आवळ्याएवढा" म्हणालं, की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते. आणि आमचे आबा आयुष्यभर हेच वाक्य म्हणत आले.

आबा म्हणजे भाऊसो. कुरुंदवाडला नदीकाठी बघाल तिकडे ऊस, आणि वर माळावर एकट्या आबांची द्राक्षबाग. त्यांचा माल दुबईला जायचा, प्रदर्शनात पहिला यायचा. शिरोळ तालुक्यात कुणाला द्राक्ष लावायचं असलं तर तो आधी आमच्या सोप्यात येऊन चहा प्यायचा आणि मगच रोपं आणायचा. मी त्यांची थोरली लेक, मनाली. फूड टेक्नॉलॉजी शिकून नाशिकच्या एका वायनरीच्या लॅबमध्ये दोन वर्षं काढलेली. द्राक्ष या एका विषयावर आमच्या घरात दोन विद्वान होते, आणि एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत.

सरकारनं वाईनला सवलती जाहीर केल्या, आणि कोल्हापूरच्या पृथ्वीराजला वायनरी काढायची हुक्की आली. हा हॉटेलवाल्यांच्या घरातला. बापाचं हॉटेल, काकाचं हॉटेल, आता याची वायनरी. त्यानं मला बोलावलं. मी म्हटलं, पगार काय द्यायचा तो द्या, माझी अट एकच. बाटलीवर कुरुंदवाडचं नाव पाहिजे.

बाटलीवरची चिठ्ठी म्हणजे शोभेचा कागद नव्हे. द्राक्ष कुठलं, कुठल्या सालचं, कुठल्या मातीतलं, दारूचं प्रमाण किती, हे सगळं तिथं सांगायचं असतं. एकाच जातीचं द्राक्ष दोन गावांत लावलं तर दोन चवींची वाईन होते. नाशिकच्या बाटलीवर नाशिक असतं, फ्रान्सच्या बाटलीवर तर एवढ्याएवढ्याशा खेड्यांची नावं असतात. मग कुरुंदवाडनं काय कुणाचं घोडं मारलंय? पृथ्वीराज हसला, म्हणाला, "वाईन चांगली झाली तर 'कुरुंदवाड शिराझ' छापू, मॅडम. शब्द दिला." मला आयुष्यात तेवढंच पाहिजे होतं.

दोन हजार दोन साली आबांनी माळावर दोन एकर शिराझ, म्हणजे लाल वाईनचं काळं द्राक्ष, लावलं. माझ्यासाठी लावलं, हे कबूल. पण त्या दिवसापासून आमची भांडणं सुरू झाली.

खायचं द्राक्ष वेगळं, वाईनचं वेगळं. खायच्या द्राक्षाचा मणी मोठा पाहिजे, साल पातळ, आत बी नको. वाईनच्या द्राक्षाचा मणी बारीक, साल जाड, आत बी. काळं द्राक्ष पिळलं तरी रस जवळजवळ पांढराच निघतो, रंग असतो तो सालीत. म्हणून लाल वाईन सालीसकट आंबवतात आणि पांढरी नुसत्या रसाची. मणी जितका बारीक तितकी रसाच्या मानानं साल जास्त, तितका रंग गडद आणि घोटात तुरटपणा. आणि रसात साखर मुरलेली पाहिजे, कारण यीस्ट ती साखर खातं तेव्हाच तिची दारू होते. त्यासाठी काढणीच्या आधी वेलीचं पाणी तोडायचं. तिला ताण द्यायचा.

हे मी आबांना इतक्या वेळा सांगितलं, की आमचं कुत्रंसुद्धा वाईन करायला शिकलं असतं.

"ताण द्याचा म्हंजे तान्हेली ठेवायची?" आबा म्हणायचे. "घरात बाळंतीण असली तर तिला उपाशी ठेवशील व्हय गं?"

"ती बाळंतीण न्हाई आबा, ती वेल हाय!"

"तुला काय कळतंय? तू बुकं वाचलीस, मी बाग वाचलीया."

त्यात आमची बाग रस्त्याला, आणि पीक धरायच्या आधीच शिराझला चुकार घड लागू लागले. नरसोबाच्या वाडीला दर्शनाला जाणारा प्रत्येक माणूस बांधावर गाडी थांबवायचा आणि विचारायचा, "भाऊसो, औंदा बागेला रोग पडलाय काय हो? मणी करवंदावानी दिसत्यात." आबा वरवर हसायचे आणि घरी येऊन अर्ध्या भाकरीवरनं उठायचे. त्यांना लाज वाटत होती. ज्या माणसाच्या बागेतलं द्राक्ष बघायला पावणं सोलापुरासनं यायचं, त्याची कीव वाडीचे भाविक करत होते.

पहिलं पीक धरायचं ठरलं त्या डिसेंबरात पृथ्वीराजनं मला नवीन यंत्रांवर हात बसावा म्हणून हंगामभर नाशिकला पाठवलं. जाताना मी आबांना हात जोडले. जीए लावू नका आणि जानेवारीनंतर पाणी कमी करा, एवढंच सांगितलं. जीए म्हणजे द्राक्ष फुगवायचं संजीवक. खायच्या द्राक्षाचे घड बायका त्या पाण्यात एकेक करून बुडवतात, त्याला आमच्याकडं डिपिंग म्हणतात. आबा म्हणाले, "जा की. मी हाय न्हवं."

ते होते, हाच घोटाळा झाला.

फेब्रुवारीच्या शेवटी मी परत आले आणि एसटीतून उतरून सरळ बागेत गेले. आबा मांडवाखाली उभे होते, नवीन टोपी घालून. घड लांबलचक लोंबत होते. मणी फुगून तुकतुकीत झालेले. शिराझचं द्राक्ष मी इतकं देखणं कधी बघितलं नव्हतं, पुन्हा कधी बघायला मिळू नये.

"कसं हाय?" आबा म्हणाले. "चांगलं धा बायका लावून डिपिंग केलं. कालपत्तोर पानी चालू हुतं. लेकीचा पयला माल हाय, हलका जाऊन कसा चालंल?"

मी मणी तोंडात टाकला. साल जिभेवर कागदासारखी. साखर मोजायच्या यंत्रावर रसाचा थेंब सोडला. चोवीस पाहिजे तिथं आकडा सतरा. मी ते यंत्र बांधावर आपटलं. आबांना आयुष्यात कधी बोलले नव्हते ते बोलले. तुम्ही माझी तीन वर्षं पाण्यात घातलीत, असं म्हटलं. मजुरीच्या बायका बघत राहिल्या. आबांना खरंच काही समजत नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त राग येत होता. दुश्मनानं बाग कापली असती तर त्याच्या नावानं शिव्या तरी घालता आल्या असत्या. इथं मायेनंच वाटोळं केलेलं.

तरी वाईन केली. दुसरं काय करणार? रंग फिका गुलाबी, सरबतासारखा. चव पाणचट. मी आबांना स्पष्ट सांगितलं, वाईन बिघडली.

"मुरंल की," आबा म्हणाले. "लोणचं का घातल्या दिवशी लागतंय?"

वाईन मुरते हे त्यांनी कुठून तरी ऐकलेलं. मुळात जे नाही ते मुरून कुठून येणार? पण माझं सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

दसऱ्याला वायनरीच्या दारात टँकर आला. नाशिकचा. मी झाकण उघडून वास घेतला. काळ्या मिरीचा वास, गडद रंग, सुरेख शिराझ. मी पृथ्वीराजला विचारलं, हे कशाला? त्यानं टेबलावरचा गठ्ठा माझ्याकडं सरकवला. चिठ्ठ्या छापून आल्या होत्या. कुरुंदवाड शिराझ, दोन हजार पाच. खाली बारीक अक्षरात, भाऊसोंच्या माळावरची द्राक्षं.

"हे खोटं आहे," मी म्हटलं.

"मॅडम, हितं कुणाला कळतंय? लाल असली आणि डोकं जरा हलकं झालं की वाईन. आमंत्रणं गेली, मंत्री येणार हायत. तुमच्याच गावाचं नाव मोठं होतंय की. तुम्हालाच पाहिजे हुतं."

"मी सांगीन सगळ्यांना."

"सांगा. भाऊसोंनी बाग घालवली हे पण सांगावं लागंल, भर सभेत." आणि वर हसला. "बघा, तुमचेच वडील हायत."

त्यानं बरोबर नस पकडली होती. मी ठरवलं, कार्यक्रम होऊ दे, दुसऱ्या दिवशी राजीनामा तोंडावर फेकायचा. आबांची अब्रू राहील. खोटं त्याच्या नावावर राहील.

दिवाळीनंतर कोल्हापुरात त्याच्याच हॉटेलात समारंभ झाला. तालुक्यातले बागायतदार झाडून आलेले. मंत्री काही आले नाहीत, पण आबांना फेटा बांधला, गळ्यात हार घातला आणि हातात पेला दिला. आबांनी आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. त्यांनी पेला नुसता दिव्यासमोर धरला. गडद लाल रंग बघून त्यांचा चेहरा असा फुलला, की मला खुर्चीत बसवेना. त्यांना वाटलं, मुरली.

मग त्यांनी माईक हातात घेतला.

"आमची मनाली मला म्हणायची, जीए लावू नगा, पानी तोडा. रागं भरली माझ्यावर, बायकांच्या म्होरं. मी म्हटलं, मुरू दे. मी डिपिंग केलं, शेवटापत्तोर पानी दिलं. आता तुमीच बगा रंग!"

टाळ्या पडल्या. मागून मजरेवाडीचा केरबा उठला. त्यानं त्याच वर्षी तीन एकर शिराझ लावलं होतं, आबांच्या शब्दावर. "भाऊसो, जीएचं द्रावण किती पीपीएमचं, किती कडक केलतं? आन पानी किती तास?"

आबा सांगू लागले. सगळे कान टवकारून ऐकत होते, कुणी तळहातावर लिहून घेत होते. पृथ्वीराज कडेला उभा राहून टाळ्या वाजवत होता. माझ्या डोळ्यांपुढं सगळा तालुका दिसला. माळामाळावर फुगलेलं शिराझ, फिकी गुलाबी पिंपं आणि सगळ्यांच्या तोंडी आमच्या आबांचं नाव. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, आणि मी खुर्चीत बसून बघतेय.

मी जाऊन आबांच्या हातातला माईक घेतला. हिसकावलाच म्हणा.

"केरबामामा, ते लिहू नका," मी म्हटलं. "ही वाईन कुरुंदवाडची न्हाई. ही नाशिकनं टँकरनं आलीया. आमची फिकी झाली. पाण्यानं आणि डिपिंगनं गेली. ती अजून वायनरीत तिसऱ्या टाकीत हाय, कुणालाही जाऊन बघता येईल."

पृथ्वीराज "मॅडम, मॅडम" करत धावत आला. मी आबांकडं बघितलं नाही. मला भीती वाटत होती, हे सांगायला मला लाज नाही.

आबांनी बाटली उचलली आणि हात लांब करून चिठ्ठी वाचली. कुरुंदवाड वाचलं, स्वतःचं नाव वाचलं. मग पृथ्वीराजला विचारलं, "ह्या बाटलीत कुणाची द्राक्षं हायत?"

"काका, ते आपण मागनं बोलू."

"त्या मानसाचं नाव काय? गाव कुठलं?"

पृथ्वीराजला माहीतच नव्हतं. टँकरला कुठं नाव असतं?

आबांचा आवाज चढला. त्यांना एवढं चिडलेलं मी बागेत गारा पडल्या तेव्हासुद्धा बघितलं नव्हतं. "त्यानं पानी तोडलं. त्यानं बारका मणी झेलला, लोकांचं हसू झेललं, जे मला जमलं न्हाय. आन तू त्याचं नाव पुसून हितं माझं लावतोस? माझ्या गावाचं लावतोस? उद्या माझ्या दुबईच्या पेटीवर कुणी दुसऱ्याचं गाव छापलं तर मी त्याचं तंगडं मोडीन!"

त्यांनी गळ्यातला हार काढला आणि बाटलीला घातला. "ह्यो त्याचा हाय. केरबा, लगा, हातावरचं पूस. मी सांगितलेलं सगळं चुकलंया."

आणि ते जिना उतरून चालू लागले. पृथ्वीराज मला म्हणाला, उद्यापासून येऊ नका. मी म्हटलं, आज तरी कोण थांबतंय?

येताना त्याची गाडी होती, जाताना एसटी. आबा खिडकीशी बसले, फेटा मांडीवर. हातकणंगले गेलं, जयसिंगपूर गेलं. माझी नोकरी गेली होती, बाटलीवरचं गाव गेलं होतं, आणि बापाला चारचौघांत खाली बघायला लावून मी घरी चालले होते. माझा राग तरीही गेलेला नव्हता. पृथ्वीराजवरचा नाही, आबांवरचा तर नाहीच. तीन वर्षं मी घसा कोरडा केला तेव्हा ऐकलं असतं, तर आज हे बघायची वेळ आली असती?

शिरोळचा फाटा आला तसे आबा खिडकीबाहेर बघतच म्हणाले, "पुढल्या साली पानी माझ्याकडं ठेवू नगंस."

"म्हंजे?"

"व्हॉल्व्ह तू बंद कर. येलीचं पान जरा मलूल दिसलं की माझा हात जातोच तिकडं. कळतंय मला, पर जमायचं न्हाय."

"मी कुलूप घालीन," मी म्हटलं. रागानंच म्हटलं.

"घाल," आबा म्हणाले. "आन मी किल्ली मागितली, रडून मागितली, तरी दिऊ नगंस."