साडेचारची घरघर

धाकट्याचा संदेश येऊन तीन दिवस लोटले होते. लहानशी शिडाची होडी घेऊन एकटाच समुद्रावर निघालेला हा भाऊ रोज दुपारी साडेचारला वायरलेसवरून बहिणीला खुशाली कळवायचा. ताईची सारी नोकरी बंदरात वायरलेस ऑपरेटर म्हणून झालेली. मोर्सची टकटक तिला बोलण्याइतकी सहज कळे. पण सोमवारपासून हेडफोनात नुसती घरघर, कानाशी कुणी पत्रा खरवडावा तशी.

चौथ्या दिवशी ती चारपासूनच सेटपाशी बसली. घराचा मेन स्विच पाडून तिने सेट बॅटरीवर घेतला. घरघर तशीच. म्हणजे खोट बाहेरच कुठेतरी होती. घरघर कुठून येते त्याचा माग काढायला हातात छोटा ट्रान्झिस्टर घेऊन ती जिना उतरली. खालच्या मजल्यावर, धाकट्या जावेच्या दाराशी तो जोरात करकरला.

सासूबाईंच्या आजारपणात कोण किती राबलं यावरून दोघींचं दोन वर्षं बोलणं बंद होतं. ताईने बेल दाबली.

"सोमवारपासून नवीन काही लावलंयस का घरात?"

"दोन वर्षांनी हे विचारायला आलात, वहिनी?"

"धाकट्याचा पत्ता नाही गं. तुझ्या घरातल्या कशाने तरी काही ऐकूच येत नाहीये."

जाऊ बाजूला झाली. तिने कॉम्प्युटर बंद केला, फरक नाही. मग गॅलरीतल्या रोपांवरच्या नव्या दिव्याचा अडॅप्टर उपटला. ट्रान्झिस्टर गप्प झाला.

दोघी धावतच वर आल्या. ताईने आजूबाजूचे आवाज गाळणारा सेटचा फिल्टर अगदी अरुंद केला, आवाज कमी केला, डोळे मिटले. साडेचार. चार चाळीस.

"काही येतंय का?"

"थांब जरा."

आणि मग अगदी खोलवरून, तुटक टकटक. ताईची पेन्सिल कागदावर पळू लागली. डोलकाठी मोडली. हाताला लागलंय. पाणी दोन दिवसांचं. पुढे ठिकाणाचे आकडे. शेवटचा आकडा बुडाला. तिने तो तीनदा विचारून घेतला.

तटरक्षकांना फोन झाला. त्यानंतर ताई एका जागी बसली नाही. जावेने चहा केला, तो निवला. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला तेव्हा तो जावेनेच उचलला.

"सापडला. शुद्धीवर आहे, भूक लागली म्हणतोय."

ताई भिंतीला धरून खाली बसली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडली.