रस्त्यातला चौथरा

सुनेने सासूबाईंना हमरस्त्याच्या कडेला आणून उभं केलं होतं. रस्त्यांची आखणी हे तिचं काम. पायी जाणाऱ्यांना मधोमध थांबता यावं म्हणून तिने नकाशात एक चौथरा दाखवला होता. साहेबांना मात्र तीच जागा गाड्यांच्या वाढीव रांगेसाठी हवी होती. "म्हातारं माणूस हिरव्या दिव्यात पलीकडे पोचत नाही, हे मला दाखवा. लगेच सही करतो," असं म्हणून ते स्वतः आले होते. उद्या खोदाई सुरू होणार होती. आज नाही तर कधीच नाही.

दुखऱ्या गुडघ्यांचं माणूस घरातच होतं. पण "आई, तुमची संथ चाल दाखवायचीय" हे कुठल्या तोंडाने सांगणार? ती नुसतं म्हणाली होती, "साहेबांना रस्ता ओलांडून दाखवायचाय." तीच भीड आता नडली.

दिवा हिरवा झाला आणि सुनेची अब्रू आपल्याच पायांवर असल्यासारख्या सासूबाई ज्या सुटल्या, त्या थेट पलीकडच्या फुटपाथवर. दिवा अजून हिरवाच. तिथून त्यांनी ऐटीत हात हलवला. सुनेला हसावं की रडावं कळेना.

"पोचल्या की!" साहेबांनी नकाशा गुंडाळला.

"थांबा जरा," म्हणत ती पलीकडे पळाली. सासूबाई खांबाला धरून धापा टाकत होत्या. चेहरा पांढराफटक पडला होता.

"आई, एवढं धावायचं कशाला?"

"आजच धावले होय? रोज दवाखान्यात जाताना अशीच धावते. सगळेच धावतात, बाई. न धावून मरायचंय का?"

लोक पोचतात, लोक पोचतात, असा साहेबांचा धोशा होता. लोक जिवाच्या भीतीने पोचत होते. हे आपल्याही लक्षात येऊ नये, याचा तिला स्वतःचाच संताप आला.

"आई, परत जाताना झेपेल तसंच चाला. धावायचं नाही. मी सोबत आहे."

सासूबाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "म्हणजे म्हातारी म्हणून आणलंस मला?"

"हो."

सासूबाईंनी सुनेचा हात धरला.

पुन्हा दिवा हिरवा झाला. एक पाऊल, मग दुसरं. दोघी जेमतेम मध्यावर आल्या आणि दिवा लाल झाला. दोन्ही बाजूंनी गाड्या सुटल्या. एक टँकर इतक्या जवळून गेला की त्याच्या वाऱ्याने दोघी हेलपाटल्या. हॉर्नच्या गोंगाटात काही सुचेना. पायाखाली रंगाचा वीतभर पट्टा, बाकी काही नाही. आपण या माऊलीला कशात घातलं, या विचाराने सुनेने सासूबाईंना घट्ट जवळ ओढलं.

कडेला उभे असलेले साहेब दोन्ही हात वर करून बेंबीच्या देठापासून ओरडत होते, "हलू नका! तिथेच उभ्या राहा!"

"उभ्या राहा म्हणतोय," सासूबाई म्हणाल्या. "कुठे, ते विचार त्याला."