चार ठोक्यांची मोकळी जागा

डेटनच्या ओतकामाच्या कारखान्यातली एक अख्खी पाळी, भोंग्यापासून भोंग्यापर्यंत, व्हर्डेल पिकेन्सने सहा गाण्यांत बांधली होती. एक गाणं संपायच्या आत दुसरं सुरू होई. मधे श्वास घ्यायला जागा नाही. तिथे नऊ वर्षं तिने साचे उचलले होते. बास गिटार हाती आली ती त्यानंतर.

स्टुडिओच्या काचेपलीकडून रेकॉर्ड कंपनीचे मिस्टर क्लेबोर्न म्हणाले, "तिसऱ्या गाण्यानंतर चार ठोके गप्प. रेडिओवाल्यांना गाणं सुटं लागतं. आणि चौथं, ते कारखान्यात मेलेल्यांच्या नावांचं, तेवढं मी त्या मोकळ्या जागेवर ब्लेड लावून कापून टाकतो. लोक रेकॉर्ड नाचायला घेतात, रडायला नाही."

"आमच्या गल्लीत दोन्ही एकदमच करतात," ड्रमवरचा ऑस्गुड पुटपुटला.

"जागा सोडली नाहीत, तर रेकॉर्ड निघणार नाही. करारात आहे तसं."

ऑस्गुड व्हर्डेलचा मावसभाऊ. तो वाकून हळूच म्हणाला, "अगं, सोड ना चार ठोके. बँड तरी जगेल."

"आणि लुएला? त्या नावांत तिचंही आहे; तुझी मावशी होती ती. तिला काय त्या चार ठोक्यांत पुरू?"

ऑस्गुडने ड्रमच्या काठ्या उचलल्या. टेप सुरू झाल्याचा तांबडा दिवा लागला.

तिसरं गाणं संपत आलं. आता तळवा तारेवर पडायचा होता, आवाज मरायचा होता. तळवा पडला नाही. व्हर्डेलने तार गुणगुणत ठेवली, पुढचा पहिला ठोका छातीत बसेल असा हाणला, आणि गळा सोडला:

भट्टी गं पेटली, धूर चढला आभाळी,
लुएला माझी माय, तिचं नाव गं कपाळी!

दुसऱ्या ठोक्याला ऑस्गुड आला, चौथ्याला तुताऱ्या. नावामागून नाव उठू लागलं.

"थांबव! टेप बंद कर!" क्लेबोर्नने काचेवर मूठ आपटली.

टेपवरचा म्हातारा टॉलिव्हर जागचा हलला नाही. "दिवा लागला की मधे थांबवत नाही, साहेब. तीस वर्षांत कधी थांबवलं नाही."

सहाव्या गाण्यातला शेवटचा भोंगा वाजला तेव्हा सगळे घामाने निथळत होते.

"काप ते चौथं!" क्लेबोर्न म्हणाले.

टॉलिव्हरने ब्लेड त्यांच्याच हाती दिलं. "कुठे ते दाखवा."

क्लेबोर्नने टेप पुढे ओढली, मागे ओढली. जिथे कापायला थांबावं तिथे व्हर्डेलची तार वाजतच होती.

"पुन्हा वाजवा! नीट!"

व्हर्डेलने गळ्यातली गिटार उतरवली नव्हती.

"वाजवते की," ती म्हणाली. "शंभरदा वाजवते. पण असंच वाजेल."